पुरस्कार कार्डाला की फाशांना?

हंगाम आटोपला की लीगच्या चिटणीसाकडून मतपत्रिका येते आणि तीच जुनी भांडणे नव्याने उकरली जातात. सर्वोत्कृष्ट बॅटर कोण, यावरून फारसे कुणी हातघाईवर येत नाही. पिचरवरून मात्र येतात. बॅटरचे काम बऱ्याच अंशी त्याच्या एकट्याच्या नावावर मोजता येते. पिचरच्या आकड्यांत मात्र मागे उभे असलेले क्षेत्ररक्षक, मैदानाची लांबी-रुंदी, मॅनेजरने त्याला कधी उतरवले व कधी काढले आणि आपल्याच संघाने त्याच्यासाठी किती रन केले, अशा पुष्कळांचे हात लागलेले असतात. खऱ्या बेसबॉलमध्ये हे हात वेगळे काढता काढता अभ्यासकांची हयात गेली. आपल्या कार्ड-फाशांच्या खेळात ते सोपे असायला हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक खेळाडूची कुंडली छापील असते. पण नेमक्या त्या छापील कुंडलीनेच आपल्या मतदारांची गाडी घसरते.

आधी सोप्या भांडणाचा निकाल लावू. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमधली एक गोष्ट चमत्कारिक वाटते. तिथे प्रत्येक सामन्याचा विजय नियमाने एका पिचरच्या नावावर लावला जातो. स्टार्टरने पाच इनिंग पुऱ्या केल्या, तो बाहेर पडताना संघ पुढे होता आणि आघाडी शेवटपर्यंत टिकली, की विजय त्याचा; मग त्याने सहा रन का दिलेले असेनात. जुना पिचर साय यंग १९५५ साली वारला आणि कमिशनर फोर्ड फ्रिक यांच्या पुढाकाराने १९५६ पासून त्याच्या नावाचा, सर्वोत्कृष्ट पिचरसाठीचा पुरस्कार सुरू झाला. ज्याच्या नावाने पुरस्कार, त्याची ख्याती ५११ विजयांची. त्यामुळे पुढे अनेक दशके मतदारांची नजर विजयांच्या रकान्यावर खिळून राहिली, यात नवल नाही. १९९० साली ओकलंडच्या बॉब वेल्चने २७ सामने जिंकले. त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगांमागे दिलेल्या अर्न्ड रनांची सरासरी, २.९५ होता. बॉस्टनच्या रॉजर क्लेमेन्सचे विजय २१ आणि ईआरए १.९३. पुरस्कार वेल्चला गेला. वीस वर्षांनी सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझला १३ विजय आणि १२ पराभव असताना तो मिळाला आणि २०१८ मध्ये मेट्सच्या जेकब डिग्रॉमला अवघ्या दहा विजयांवर. त्याचा ईआरए होता १.७०, आणि पहिल्या क्रमांकाचे एकच मत तेवढे दुसरीकडे गेले.

एवढे सगळे होऊनही आपल्या लीगांमध्ये 'वीस विजय' हा शब्दप्रयोग अजून मतपत्रिकेवर दिसतो. खऱ्या मैदानावर निदान असा दावा तरी करता येतो, की अमुक पिचर आघाडी असताना मुद्दाम सावकाश खेळतो, अटीतटीला जोर लावतो. तो दावा तिथेही फारसा टिकत नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्या फाशांना तर धावफलक दिसतच नाही. पाच-शून्य असो की एक-एक, कार्डावरचा रकाना तोच असतो. तेव्हा विजयांचा विषय इथेच मिटवावा.

आता खरे भांडण. ते कार्ड आणि फासे यांच्यातले आहे.

स्ट्रॅट-ओ-मॅटिक घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात तिथली. हॅल रिचमन यांनी १९६१ साली विकायला काढलेल्या या खेळात एक पांढरा आणि दोन लाल फासे. पांढऱ्यावर एक ते तीन आले तर बॅटरचे कार्ड वाचायचे, चार ते सहा आले तर पिचरचे. लाल फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ दाखवते. म्हणजे पिचरच्या कार्डावर तीन रकाने गुणिले छत्तीस, एकूण १०८ शक्यता, आणि त्यांतल्या किती हिटच्या, किती वॉकच्या, किती स्ट्राइकआउटच्या, हे ज्याला मोजायचे त्याने मोजावे. ड्राफ्टच्या आदल्या रात्री आपण सगळे हेच करत असतो. खऱ्या जगातला अभ्यासक जी 'मूळ गुणवत्ता' आकड्यांच्या ढिगाऱ्याखालून उकरून काढू पाहतो, ती आपल्या टेबलावर उताणी पडलेली असते.

मग काही मतदार म्हणतात, फासे म्हणजे नशीब; नशिबाला कशाला बक्षीस द्यायचे? ज्याचे कार्ड उत्तम, तो पिचर उत्तम. हा युक्तिवाद ऐकायला फार स्वच्छ आहे आणि त्यामुळेच घातक. तो खरा मानला तर पुरस्कार ड्राफ्टच्याच दिवशी देऊन टाकता येईल. १६२ सामने खेळण्याची, रात्री बारा वाजता तिसरी मालिका संपवण्याची, वहीत इनिंग मांडण्याची काहीच गरज उरत नाही. कार्ड हे पिचरचे सामर्थ्य झाले. हंगाम ही त्याची कामगिरी. पुरस्कार 'हंगामाचा' आहे, आणि कागदी पिचरला त्या हंगामापलीकडे दुसरे आयुष्य नसते. रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ च्या कादंबरीतला हिशेबनीस जे. हेन्री वॉ स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाशांची लीग चालवतो आणि फाशांनी त्याच्या लाडक्या तरुण पिचरचा जीव घेतला तेव्हा त्याच्या डोक्याचा तोल ढळतो. त्याने फासे पुन्हा टाकले असते तर कुणाला कळणारही नव्हते. पडले ते खरे, हा करार मोडला की आपल्या खेळात मोजण्यासारखे काहीच राहत नाही. हे ज्याला उमगत नाही, त्याने ती कादंबरी वाचावी.

फाशांचा हात किती मोठा असतो, याचा अंदाज मात्र मतदाराला हवा. समजा, एका पिचरसमोर हंगामात ८०० बॅटर आले आणि प्रत्येकाला हिट मिळण्याची शक्यता शंभरात बावीस आहे. अपेक्षित हिट १७६. पण साध्या संभाव्यतेच्या गणिताने यात बाराएक हिटांचे विचलन निघते. म्हणजे तोच पिचर, तेच कार्ड, तेच बॅटर असताना तीनपैकी दोन हंगामांत आकडा १६४ ते १८८ च्या दरम्यान कुठेही पडेल, आणि तिसऱ्यात त्याच्याही बाहेर. बारा हिट म्हणजे ढोबळमानाने आठ-नऊ रन. दोनशे इनिंगांवर पसरले तर ईआरए जवळपास ०.४० ने वर किंवा खाली. दोघांच्या ईआरएमध्ये ०.१५ चा फरक असेल तर 'कार्ड कुणाचे सरस' या प्रश्नावर तो फरक काहीच सांगत नाही. 'या हंगामात रन कुणी कमी दिले' या प्रश्नाचे उत्तर मात्र तो चोख देतो, आणि मतपत्रिकेवर विचारलेला प्रश्न हाच आहे.

इथे एफआयपीवाले मित्र हात वर करतील. व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ साली मांडलेला मुद्दा त्यांच्या जिभेवर असतो: बॅटला लागलेला चेंडू मैदानात पडल्यावर हिट होणार की बाद, यावर पिचरांचा ताबा आपण समजतो त्याहून खूप कमी असतो. त्यातून पुढे क्षेत्ररक्षण वगळून पिचरला मोजणारे टॉम टँगो यांचे एफआयपी आले. होमरनांना १३ ने गुणा, वॉक आणि अंगाला लागलेले चेंडू यांना ३ ने, त्यांतून स्ट्राइकआउटांची दुप्पट वजा करा, इनिंगांनी भागा आणि एक स्थिरांक मिळवा. खऱ्या बेसबॉलसाठी हत्यार उत्तम. ते आपल्याकडे जसेच्या तसे उचलून आणणाऱ्यांनी मात्र कार्डाकडे नीट पाहिलेले नाही. स्ट्रॅटच्या कार्डावर सिंगल छापलेला असतो. एखाद्या पिचरला खऱ्या हंगामात केवळ सुदैवाने कमी हिट पडले असतील, तर कार्ड बनवणारा त्या सुदैवाचीच शाई करतो. कार्ड हातात आले की ते सुदैव राहत नाही, तो त्या पिचरचा गुण होतो, आणि प्रत्येक फेकीला लागू पडतो. म्हणजे मॅक्रॅकन यांचा सिद्धांत ज्या पायावर उभा आहे, तो पायाच या खेळात नाही. असल्या लीगमध्ये एफआयपीवर मत देणारा माणूस पिचरने केलेल्या निम्म्या कामाकडे पाठ फिरवतो.

आउट ऑफ द पार्कची गोष्ट निराळी. मार्कुस हाइन्सोन यांच्या या संगणकीय खेळात पिचर मुख्यतः स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल यांवर तोलला जातो आणि मैदानात पडलेल्या चेंडूचे भवितव्य बव्हंशी क्षेत्ररक्षकांच्या हाती असते. तिथे एफआयपीला वजन द्यायला आमची हरकत नाही. लीग कुठल्या इंजिनावर चालते, हे न पाहता एकच सूत्र सगळीकडे लावणे हा आळस आहे, मग ते सूत्र कितीही अद्ययावत असो.

फासे पिचरचे, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न येतो: कुठले फासे? सगळेच त्याचे नाहीत. आठवी इनिंग, दोन बाद, दुसऱ्या बेसवर धावपटू, सामना बरोबरीत. पांढऱ्यावर पाच, लाल फाशांची बेरीज आठ. कार्डावर बोट टेकते त्या ओळीत शॉर्टस्टॉपचे नाव आणि पुढे एक्स. आता वीस बाजूंचा फासा हातात घ्यायचा आणि तक्ता काढायचा. शॉर्टस्टॉप एक दर्जाचा असेल तर बहुधा इनिंग संपते. चार दर्जाचा असेल तर पुष्कळदा चेंडू त्याला चुकवून गवतात जातो, धावपटू घरी येतो, आणि तो रन अर्न्ड म्हणून पिचरच्या खात्यावर चढतो. स्कोअरर त्याला चूक म्हणू शकत नाही, कारण चूक झालेलीच नाही. शॉर्टस्टॉप फक्त पोचला नाही.

हे असे किती वेळा घडते? प्रत्येक पिचरच्या कार्डावर १०८ पैकी ३० शक्यता एक्सच्या असतात, त्यांतल्या सात शॉर्टस्टॉपच्या आणि सहा सेकंड बेसमनच्या. बॅटरचे कार्ड धरून एकूण शक्यता २१६. म्हणजे ८०० बॅटरांत साधारण १११ वेळा चेंडूचा निकाल क्षेत्ररक्षकाच्या दर्जावर लागतो आणि त्यांतल्या २६ वेळा एकट्या शॉर्टस्टॉपच्या. हा आकडा फाशांच्या बारा हिटांच्या विचलनाशेजारी ठेवून पाहा. खऱ्या बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाचे श्रेय वेगळे काढायला कॅमेरे आणि प्रतिमाने लागतात. आपल्याकडे स्कोअरशीटवर एका टिंबाने काम होते: एक्स आला, कुणाला आला, काय झाले. जे लीग टेबलावर खेळतात, त्यांनी ही नोंद ठेवायला लागावे. जे संगणकावर खेळतात, त्यांनी खेळाची नोंद जपून ठेवावी. मैदानाचेही तसेच. प्रत्येक पार्कचा होमरन-आकडा आणि सिंगल-आकडा आपल्यासमोर छापलेला असतो, तरी उंचावरच्या डेन्व्हरला अर्धा हंगाम काढलेल्या पिचरचा ईआरए किनाऱ्यावरच्या पिचरशेजारी तसाच मांडून मते दिली जातात. पिचरचे नशीब त्याच्यापाशी राहू द्या. शॉर्टस्टॉपचे पाय आणि कुंपणाचे अंतर तेवढे त्याच्या खात्यातून काढा.

यानंतर उरतो तो सगळ्यांत रंगतदार प्रश्न: थोड्या इनिंग, पण फार चांगल्या, की पुष्कळ इनिंग, पण जरा कमी चांगल्या? २०२१ च्या नॅशनल लीगमध्ये हा प्रश्न जितका उघडा पडला तितका क्वचितच पडला असेल. मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स १६७ इनिंग टाकून २.४३ ईआरएवर थांबला. फिलाडेल्फियाचा झॅक व्हीलर २१३.१ इनिंगांत २.७८ वर. पहिल्या क्रमांकाची मते दोघांना बारा-बारा. गुणांत बर्न्स १५१, व्हीलर १४१. बर्न्सने ४५ अर्न्ड रन दिले, व्हीलरने ६६. आता वजाबाकी करा. व्हीलरच्या जादा ४६.१ इनिंग आणि २१ जादा रन. त्या तुकड्याचा ईआरए ४.०८ पडतो. दुसऱ्या शब्दांत, व्हीलर म्हणजे एक बर्न्स अधिक ४.०८ चा एक पिचर, ४६ इनिंगांपुरता. मग भांडण एवढेच राहते, की बर्न्सच्या संघाला त्या ४६ इनिंगांसाठी ४.०८ पेक्षा चांगला माणूस मिळाला असता की वाईट. खऱ्या जगात यासाठी 'बदली खेळाडू' नावाचा काल्पनिक प्राणी जन्माला घालावा लागला आणि त्याची पातळी किती धरायची, यावर आजही वाद झडतात.

आपल्याला तो काल्पनिक प्राणी नको. लीगमध्ये कुणीच न उचललेली कार्डे डब्यात पडलेली असतात. त्यांतला सर्वांत बरा स्टार्टर काढा, त्याच्या १०८ शक्यता मोजा, आणि तुमच्या लीगची बदली-पातळी तुमच्या हातात आहे. बारा संघांच्या लीगमध्ये डब्यातला पिचरही बऱ्यापैकी निघतो, तेव्हा तिथे जादा इनिंगांची किंमत कमी. तीस संघांच्या लीगमध्ये डब्यात गाळच उरतो आणि २२० इनिंग ओढणारा घोडा सोन्याचा होतो. त्यामुळे 'किमान इतक्या इनिंग हव्यात' असा सगळ्या लीगांना लागू होणारा दंडक आम्ही सुचवणार नाही. हिशेब मात्र प्रत्येकाने करावा. बर्न्स-व्हीलर वादात आमचे मत व्हीलरकडे झुकते, हेही सांगून टाकतो.

इनिंगांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. जास्त इनिंग टाकणे ही कागदी पिचरची तब्येत नसते, बहुतेकदा ती त्याच्या मॅनेजरची हाव असते. थकव्याचे नियम ढिले असलेल्या लीगमध्ये चौथ्या दिवशी तोच पिचर उतरवणारा मॅनेजर आकडे फुगवतो. जिथे खऱ्या हंगामातल्या वापराची मर्यादा पाळली जाते, तिथे हा प्रश्न येत नाही. ज्या लीगांत ती पाळली जात नाही, तिथल्या मतदारांनी मर्यादेवरच्या इनिंग आणि त्यांतले रन दोन्ही बाजूला काढावे. फक्त इनिंग काढून रन ठेवणे हा अन्याय, आणि तोही आम्ही पाहिला आहे.

रिलीव्हरांविषयी थोडक्यात. साय यंग पुरस्कार आजवर नऊ रिलीव्हरांना मिळाला, १९७४ च्या माइक मार्शलपासून २००३ च्या एरिक गान्येपर्यंत. पण मार्शलने त्या वर्षी १०६ सामन्यांत २०८ इनिंग टाकल्या होत्या, आजच्या कित्येक स्टार्टरांहून जास्त. डेनिस एकर्स्लीचे १९९० चे कार्ड ज्यांनी टेबलावर वापरले असेल, त्यांना ते किती भयंकर आहे हे सांगायला नको: ७३ इनिंग, चार वॉक, ०.६१ ईआरए. कमी इनिंगांतल्या अचाट कामगिरीची कार्डे अशीच अचाट निघतात, आणि बॅटरने पांढऱ्यावर चार पाहिला की खुर्ची मागे सरकते. पण दहशत हा निकष नव्हे. सत्तर इनिंगांत किती रन वाचले ते डब्यातल्या कार्डाशी ताडून पाहा; बहुतेक वेळा उत्तम स्टार्टरचा आकडा मोठा निघेल.

जुने हंगाम पुन्हा खेळणाऱ्यांच्या मतदानात नावाचा मोह येतो. १९७२ चा स्टीव्ह कार्लटन घ्या: फिलीजने अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकले, त्यांतले २७ एकट्याने. हे ज्याच्या मनावर कोरले गेले आहे, तो आपल्या रिप्लेमध्ये कार्लटन तिसऱ्या क्रमांकाचा ठरला तरी त्यालाच मत देतो, जणू फाशांनी इतिहासाचा अपमान केला. आणि उलटही होते: बॉब गिब्सनचा १९६८ चा १.१२ डोक्यात ठेवून, त्याच कार्डाने १.६० आणला तर 'निराशाजनक हंगाम' असा शेरा मारला जातो. मतपत्रिकेसोबत आकडे पाठवताना चिटणीसांनी पहिल्या फेरीत नावे झाकून पाठवावीत, अशी आमची सूचना आहे. नाव दिसल्यावर ज्याचे मत बदलते, त्याला निदान स्वतःला तरी जाब द्यावा लागेल.

राहता राहिली मतमोजणी. १९६९ मध्ये मतपत्रिकेवर एकच नाव लिहायचे होते. अमेरिकन लीगमध्ये माइक क्वेयार आणि डेनी मॅक्लेन यांची बरोबरी झाली आणि पुढच्या वर्षीपासून तीन नावे आली. २०१० पासून पाच, आणि गुण ७-४-३-२-१. ही पद्धत आपल्यालाही सोयीची. पण तिची धार २०१६ ने दाखवली. जस्टिन व्हरलँडरला पहिल्या क्रमांकाची १४ मते, रिक पोर्सेलोला आठ. तरी गुण १३७ विरुद्ध १३२ असे होऊन पुरस्कार पोर्सेलोला गेला, कारण दोन मतदारांनी व्हरलँडरला पाचांतही धरले नव्हते. दोघांनी त्याला तिसरा क्रमांक दिला असता तरी निकाल फिरला असता. तिथे मत देणारे वार्ताहर असतात आणि त्यांच्या मतपत्रिका नावानिशी जाहीर होतात. आपल्याकडे मत देणारे स्वतः मॅनेजर, म्हणजे उमेदवारांचे मालकच. मत गुप्त ठेवून प्रतिस्पर्ध्याचा पिचर यादीतून सफाईने गाळणे किती सोपे आहे, हे लिहायची गरज नाही.

म्हणून येत्या हंगामापासून या मासिकात निकाल छापून हवा असेल, तर तीन गोष्टी लागतील. मतपत्रिका सहीनिशी आणि पाच नावांच्या हव्यात, स्वतःच्या संघाचा पिचर त्यांत नसावा, आणि पहिल्या दोन नावांपुढे एका ओळीत कारण हवे. त्यासोबत पहिल्या तिघांच्या एक्स-नोंदी आणि डब्यातल्या सर्वांत बऱ्या स्टार्टरचे कार्ड. यादीत रिलीव्हर असेल तर त्याच्या इनिंगांचा आकडा नावाशेजारीच लिहावा. तो पन्नासच्या आत असला तर छापण्याआधी आमच्याकडून विचारणा येईल.